‘प्रिन्सिपल’चा माग कसा काढायचा

आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटचं घोंगडं गेली सहा वर्षं भिजत पडलंय. चार मजले, लिफ्ट नाही, गच्ची गळते. गेल्या मे महिन्यात बिल्डरचं पत्र आलं. सेक्रेटरींनी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून ते मोठ्यानं वाचून दाखवलं. तुमच्या मागण्या आम्हाला ‘इन प्रिन्सिपल’ मान्य आहेत, असं त्यात होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पत्र हातोहात फिरत माझ्याकडे आलं तेव्हा पाहिलं, तर ‘प्रिन्सिपल’चं स्पेलिंग शेवटी ए-एल. म्हणजे तत्त्वाच्या जागी मुद्दल.

मी बोलले, कुणी मनावर घेतलं नाही. तिसऱ्या मजल्यावरचा वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा मात्र जिन्यात थांबून म्हणाला, “काकू, एका अक्षरानं काय बिघडतं? आणि दोन्ही शब्द मुळात एकच ना?”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे १९८९ पासून तयार आहे. तेव्हा मी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात नवी होते. थकबाकीदारांच्या चाळीस नोटिसा टाइप केल्या, प्रत्येकीच्या कार्बन घालून तीन प्रती, आणि प्रत्येकीत मुद्दल लिहिताना शेवटी एल-ई ठोकला. चाळीस लोकांना आम्ही कळवत होतो की तुमची तत्त्वं थकली आहेत, पंधरा दिवसांत भरा. साहेब ओरडले नाहीत. गठ्ठा परत माझ्या टेबलावर ठेवून एवढंच म्हणाले, “अमाऊंटमध्ये ए, म्हणून मुद्दलात ए. रूलच्या शेवटी एल-ई, म्हणून तत्त्वाच्या शेवटी एल-ई.” त्या दिवशी घरी पोचायला रात्रीचे नऊ वाजले. तेव्हापासून हा शब्द माझ्या मानगुटीवर बसलाय.

दुसऱ्या प्रश्नासाठी त्या मुलाला चार-पाच शनिवार घरी बसवून घ्यावं लागलं. त्याला जे दाखवलं तेच इथे लिहिते. इंग्रजी शब्दाचा माग काढायची ही माझी रीत आहे, आणि ती शिकायला ‘प्रिन्सिपल’सारखा शब्द नाही, कारण तत्त्व ही कल्पना इंग्रजीत एका शब्दात राहत नाही. हजार वर्षांत तिनं अनेक बिऱ्हाडं बदललीत.

वही आणि साधनं

आधी वही घ्या. मोबाइलवर शब्द शोधला की उत्तर मिळतं आणि संध्याकाळपर्यंत विसरायला होतं. मी जुनी लेजरची वही वापरते, कारण तिला रकाने आखलेलेच असतात. पहिल्या रकान्यात आजचा अर्थ, दुसऱ्यात सापडेल तो सर्वांत जुना अर्थ आणि तिसऱ्यात वस्तू. वस्तू म्हणजे हातात धरता येईल असं काहीतरी, किंवा अंगानं करायची एखादी कृती. शब्द कितीही उंचावर बसलेला असो, त्याच्या बुडाशी बहुतेक वेळा कुणीतरी काहीतरी उचललेलं, ठेवलेलं किंवा ताणलेलं असतं. तिसरा रकाना भरल्याशिवाय पान उलटायचं नाही, हा माझा एकमेव कडक नियम.

साधनं बहुतेक फुकट आहेत. सुरुवातीला इंग्रजी शब्दांची मुळं सांगणारं ‘एटिमऑनलाइन’ हे संकेतस्थळ पुरतं. शब्द इंग्लंडच्या अगदी जुन्या काळात गेला तर बॉसवर्थ-टोलरचा अँग्लो-सॅक्सन कोश, आणि मधल्या काळासाठी, म्हणजे ढोबळमानानं ११०० ते १५००, मिशिगन विद्यापीठाचा कोश. दोन्ही इंटरनेटवर आहेत. संस्कृतसाठी मोनियर-विल्यम्स जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मिळतो. मराठीला मोल्सवर्थ, १८५७ची दुसरी आवृत्ती. तो मात्र मला कागदावरच लागतो. घरात पंखा, टीव्ही आणि कुकर एकदम सुरू असले की मी वही घेऊन मराठी ग्रंथ संग्रहालयात जाऊन बसते. ठाण्यातली ही संस्था १८९३ची, म्हणजे माझ्या आजीपेक्षाही मोठी.

आधी शब्द फोडा

‘प्रिन्सिपल’ लॅटिनमधल्या ‘प्रिन्सिपियम’वरून आला. त्याचा साधा अर्थ आरंभ. तो ‘प्रिन्सेप्स’वरून, आणि प्रिन्सेप्स फोडला तर ‘प्रिमुस’ म्हणजे पहिला अधिक ‘कापेरे’ म्हणजे घेणे. जो पहिला घेतो तो प्रिन्सेप्स. आपल्या भाषेत सांगायचं तर पहिल्या मानाचा मानकरी. रोमच्या ऑगस्टसनं स्वतःला राजा म्हणवून घेतलं नाही, प्रिन्सेप्स म्हणवून घेतलं. त्याच शब्दाचा पुढे ‘प्रिन्स’ झाला. त्याच्याच विशेषणावरून ‘प्रिन्सिपल’ ए-एलवाला: मुख्य माणूस, मुख्याध्यापक, आणि मुख्य रक्कम म्हणजे मुद्दल.

म्हणजे जिन्यातल्या मुलाचं बरोबर होतं. तत्त्व आणि मुद्दल ही सख्खी चुलत भावंडं.

आता गंमत पाहा. लॅटिन ‘प्रिन्सिपियम’च्या शेवटी ‘ल’ नाही. फ्रेंच ‘प्रिन्सिप’लाही नाही. चौदाव्या शतकाच्या शेवटी शब्द इंग्रजीत रुळला तेव्हा ‘पार्टिसिपल’सारख्या शब्दांच्या वळणावर कुणीतरी शेपटाला एल-ई चिकटवला. ज्या अक्षरापायी मी चाळीस नोटिसा पुन्हा टाइप केल्या, ते अक्षरच मुळात कुणाच्या तरी हातून चुकून पडलेलं! साहेब आज असते तर त्यांना हे सांगितलं असतं.

तिसऱ्या रकान्यात लिहा: ‘पहिल्यांदा हाताने घेणे’. आणि ‘इन प्रिन्सिपल’ मंजुरी कानावर आली की आठवा, ‘इन प्रिन्सिपिओ’ म्हणजे आरंभी. सरकारी मराठीत आपण ‘तत्त्वतः मान्यता’ म्हणतो आणि कानाला ते फार भारदस्त लागतं. शब्दाच्या हिशेबानं मात्र काम अजून उंबऱ्याच्या आतही आलेलं नाही.

अर्थांचा क्रम तपासा

शब्दाचा आजचा अर्थ हाच त्याचा पहिला अर्थ, असं धरून चालणं ही नवख्याची नेहमीची चूक. आज ‘प्रिन्सिपल’ म्हटलं की नीतिमान माणूस डोळ्यांपुढे येतो, तत्त्वाला चिकटून राहणारा, बहुधा घरच्यांना त्रास देणारा. सॅम्युअल जॉन्सनचा १७५५चा कोश उघडा. त्यात या शब्दाचे सहा अर्थ दिलेत. पहिला आहे घटकद्रव्य, ज्यापासून वस्तू बनते ते. मग मूळ कारण, मग ज्यावरून बाकीचं सिद्ध करायचं ते विधान. नीतीचा पाया हा अर्थ सर्वांत शेवटी, सहावा.

किमयागार मीठ, गंधक आणि पारा यांना तीन ‘प्रिन्सिपल’ म्हणत. सगळे पदार्थ यांतूनच घडलेत अशी त्यांची समजूत. औषधातल्या गुणकारी अंशाला इंग्रजीत आजही ‘अ‍ॅक्टिव्ह प्रिन्सिपल’ म्हणतात, त्यात तो जुना अर्थ शिल्लक आहे. न्यूटनच्या १६८७च्या ग्रंथाच्या नावातलं ‘प्रिन्सिपिया’ म्हणजे गणिती मूलसूत्रं. १६११च्या राजा जेम्सच्या बायबलमध्ये हिब्रूंना लिहिलेल्या पत्रात ‘फर्स्ट प्रिन्सिपल्स’ येतात. एव्हाना तुम्ही शिक्षक व्हायला हवं होतं, पण तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतंय, असा तिथे सूर आहे. मी त्या जागी वहीत ‘धुळाक्षरे’ असं लिहिलं. तत्त्व म्हणजे धुळीत बोटानं गिरवलेलं पहिलं अक्षर. हा अर्थ मला नीतीपेक्षा जास्त आवडतो.

आपल्याकडचं तत्त्वही असंच चाललंय, हे वही भरताना लक्षात येतं. सांख्यांची पंचवीस तत्त्वं म्हणजे पंचवीस चांगल्या सवयी नव्हेत. विश्व ज्यांचं झालंय ते घटक. ‘तत्त्वाचा माणूस’ ही मागाहूनची वस्ती.

लॅटिन यायच्या आधी तिथे कोण राहत होतं?

हा माझा सर्वांत आवडता भाग, म्हणून जरा रेंगाळते. १०६६ साली नॉर्मंडीचे लोक इंग्लंडात आले आणि फ्रेंच-लॅटिन शब्दांनी मोक्याच्या जागा पटकावल्या. तेव्हा मोठ्या मानाचा लॅटिन शब्द दिसला की विचारा: याच्या आधी या जागेवर कोण होतं?

शोधायची सोपी युक्ती म्हणजे बायबलचं एकच वाक्य वेगवेगळ्या काळात पाहायचं. योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवात लॅटिनमध्ये ‘इन प्रिन्सिपिओ’ अशी आहे. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजी भाषांतरात तिथे ‘ऑन फ्रिम्थे’ आहे. ‘फ्रिम्थ’ म्हणजे आरंभ, आणि त्याचा भाऊ ‘फ्रुमा’: आरंभ, मूळ. सातव्या शतकात कॅडमन नावाचा गुराखी होता. जेवणानंतर वाद्य हातोहात फिरू लागलं की त्याला गाता येत नाही म्हणून तो उठून गोठ्यात जाई. एका रात्री स्वप्नात कुणीतरी त्याला म्हणालं, मला ‘फ्रुमशाफ्ट’ गाऊन दाखव. फ्रुमशाफ्ट म्हणजे पहिली घडण, सृष्टीचा आरंभ. आणि तो गायला. बीड या इतिहासकारानं ही गोष्ट लिहून ठेवली. कॅडमन ज्या मठातला, त्या गावाचं आजचं नाव व्हिटबी. या नावातली ‘बी’ लक्षात ठेवा, ती पुढे आपल्या सोसायटीत येणार आहे.

फ्रुमा मेला, पण निर्वंश झाला नाही. ‘फॉर्मर’ आणि ‘फोरमोस्ट’ हे त्याच्याच कुळातले. ‘फोरमोस्ट’ला लोक ‘फोर’ अधिक ‘मोस्ट’ समजतात. प्रत्यक्षात ‘फोर्मा’ म्हणजेच पहिला, आणि त्यावर अतिशयाचा प्रत्यय पुन्हा एकदा चढवलाय. आपण ‘सर्वश्रेष्ठतम’ म्हणतो तसलाच प्रकार.

इथे मराठी वाचकाला एक फायदा आहे, तो घ्या. संस्कृतातला ‘प’ इंग्रजीच्या देशी शब्दांत ‘फ’ होऊन येतो: पितृ आणि फादर, पाद आणि फूट. ‘द’चा ‘ट’ होतो: दश आणि टेन, दंत आणि टूथ. ‘ध’चा ‘ड’ होतो. याकोब ग्रिमनं १८२२ साली हे नियम नीट मांडले. हे लावून पाहिलं की प्रथम, पूर्व, लॅटिन प्रिमुस, इंग्रजी फर्स्ट आणि आपला फ्रुमा सगळे एकाच रांगेत उभे राहतात. ‘प्रिन्सिपल’मधलं ‘प्रि’ आणि ‘प्रथम’मधलं ‘प्र’ एकाच घरचं.

मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं तसं ‘सगळं इंग्रजी संस्कृतातून निघालं’ असं लिहू नका. फादर पितृची मुलगी नाही, बहीण आहे. आई वेगळी आणि तिचं लिखाण उरलेलं नाही. आणि नुसत्या दिसण्यावर जाऊ नका. इंग्रजी ‘हॅव’ आणि लॅटिन ‘हाबेरे’, दोन्हींचा अर्थ ‘जवळ असणे’, नाक-डोळेही सारखे. तरी त्यांचं नातं नाही. लॅटिनचा ‘क’ इंग्रजीत ‘ह’ होतो, म्हणून ‘हॅव’चा खरा नातलग ‘कापेरे’, तोच प्रिन्सेप्समधला घेणारा. हे त्या मुलाला सांगितलं तेव्हा त्यानं पहिल्यांदा स्वतःहून पेन उचललं.

निजलेला, उभा आणि बसलेला

आता फक्त आरंभावर थांबू नका. तत्त्व म्हणजे जे आधी येतं, तसंच जे ठरवून दिलेलं असतं तेही. त्या बाजूचे शब्द गोळा करा.

‘लॉ’ घ्या. हा शब्द मूळचा इंग्रजांचा नव्हे. उत्तरेकडून चाल करून आलेल्या नॉर्स लोकांचा. अर्थ: खाली ठेवलेलं, अंथरलेलं. ‘ले’ या क्रियापदाशी त्याचं नातं. ‘स्टॅच्यूट’ लॅटिनमधून, उभं करणे यावरून, आणि त्याच्या बुडाशी आपला ‘स्था’. आता आपला ‘कायदा’. तो अरबीतून फारसीमार्गे आला, तिकडे त्याचा अर्थ पाया, बैठक; मूळ धातू बसण्याचा. मी वहीत एकाखाली एक लिहिलं: इंग्रजांचा लॉ निजलेला, स्टॅच्यूट उभा, आमचा कायदा बसलेला. वकिलीच्या मुलाला हे इतकं आवडलं की त्यानं कॉलेजात जाऊन सरांना सांगितलं. सर म्हणाले, परीक्षेत येणार नाही.

लॉ यायच्या आधी इंग्रजांचा स्वतःचा शब्द होता ‘डोम’. आज त्याचा ‘डूम’ झालाय आणि अर्थ सर्वनाश. तेव्हा मात्र डोम म्हणजे निवाडा, न्यायाने ठरवून दिलेली गोष्ट. विल्यम राजानं १०८६ साली इंग्लंडभरची जमीन, नांगर, गिरण्या मोजून जे दप्तर करवलं, त्याला लोक ‘डूम्सडे बुक’ म्हणू लागले, कारण त्यातल्या नोंदीवर अपील नाही. निवाड्याचा नाश कसा झाला, याचं कोडं इंग्रजाला पडेल, मराठी माणसाला पडू नये. कोर्टात निकाल लागतो, आणि पावसात छत्रीचाही निकाल लागतो.

‘डोम’ला ग्रिमचा नियम लावा. ड म्हणजे ध. धातू निघतो ‘धा’, ठेवणे. इंग्रजी ‘डू’ तिथलाच, ‘डीड’ तिथलाच. वेदात ‘धामन्’ म्हणजे घर, आणि ठरवून दिलेला नियमसुद्धा. किंगडम, फ्रीडम, विस्डम यांच्या शेपटीतला ‘डम’ हाच डोम. आपला ‘धातू’ हा शब्दही धा-चाच, आणि त्याचे अर्थ पाहा: शरीराचे सप्तधातू, खाणीतला धातू, व्याकरणातला धातू. किमयागारांच्या ‘प्रिन्सिपल’सारखंच, ज्यापासून पुढचं घडतं ते.

आता सोसायटी. आमच्या कपाटात निळ्या पुठ्ठ्याचं एक पुस्तक आहे, त्याला सगळे ‘बाय-लॉज’ म्हणतात. भांडण झालं की ते बाहेर येतं, एरवी त्यावर पाण्याच्या टाकीच्या किल्ल्या असतात. अभ्यासकांच्या मते ‘बाय-लॉ’मधला ‘बाय’ म्हणजे नॉर्स ‘बी’, अर्थात गाव; व्हिटबी, डर्बी, ग्रिम्सबी या नावांतला. बाय-लॉ म्हणजे गावकीचा कायदा, गावानं स्वतःपुरता ठरवलेला. पुढे ‘बी’ विसरली गेली आणि लोकांना वाटलं, हा ‘बाय-वे’तला बाय, म्हणजे बाजूचा, दुय्यम. मराठीत भाषांतर झालं ते या दुसऱ्या समजुतीवर: ‘उपविधी’. ‘उप’ चुकलेल्या वाटेवरून आलं. पण ‘विधी’? वि अधिक धा. भाषांतर करणाऱ्याला स्वप्नातही वाटलं नसेल, पण त्यानं लॉ काढून तिथे डोमचा सख्खा नातलग बसवला. आमच्या सेक्रेटरींना हे सांगितलं, तर ते म्हणाले, “वहिनी, त्यात पार्किंगचं काय लिहिलंय ते बघा आधी.”

मिस्त्रीकडे जा

तिसरं घराणं सरळपणाचं. यासाठी कोश कमी आणि मिस्त्री जास्त उपयोगी पडतो.

दोन वर्षांपूर्वी न्हाणीघराच्या फरश्या बदलल्या. कोपऱ्यात फरशी बसेना. मिस्त्रीनं पिशवीतून लोखंडी काटकोन काढून भिंतीला लावला, एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाला, “फरशीचा दोष नाही मॅडम, भिंतच गुण्यात नाही.” गुण्या म्हणजे ते काटकोनाचं हत्यार. लॅटिनमध्ये त्याला ‘नॉर्मा’ म्हणत. त्यावरून ‘नॉर्म’ आणि ‘नॉर्मल’. नॉर्मल म्हणजे गुण्यात असलेलं. डॉक्टर रिपोर्ट बघून ‘नॉर्मल’ म्हणतात तेव्हा मला आता मिस्त्रीचा मिटलेला डोळाच दिसतो.

‘रूल’ म्हणजे लॅटिन ‘रेगुला’, सरळ पट्टी. शाळेतली फूटपट्टी ‘रूलर’ आणि देशाचा राज्यकर्ताही ‘रूलर’, हा योगायोग नाही. लॅटिन ‘रेक्स’, आपला ‘राजा’, इंग्रजी ‘राइट’ आणि संस्कृत ‘ऋजु’, सगळे एकाच मुळाचे: सरळ करणे, सरळ नेणे. राइट म्हणजे आधी सरळ, मग बरोबर, मग हक्क. आपणही ‘सुतासारखा सरळ’ म्हणतो आणि त्यात सुताराची दोरी असते.

‘कॅनन’ हा ग्रीक शब्द, मोजायची सरळ काठी. चर्चच्या नियमांना तो लागला. तोच अरबीत जाऊन ‘कानून’ झाला आणि फिरत फिरत मराठीत आला. ‘कायदेकानू’ म्हणतो तेव्हा आपण एका दमात बैठक आणि काठी दोन्ही काढतो.

या घराण्याची पानं भरताना तिसरा रकाना आपोआप भरतो, म्हणून नवशिक्यानं खरं तर इथूनच सुरुवात करावी. मी उलट्या क्रमानं सांगितलं, कारण मला सुरुवात मुद्दलापासून करायची सवय.

जुन्या लिखाणाचं थोडं

मूळ पानांचे फोटो बघणार असाल तर दोन खड्डे माहीत हवेत. ‘थ’साठी जुन्या इंग्रजीत ‘थॉर्न’ नावाचं एक अक्षर होतं. हस्ताक्षरात ते वाय-सारखं दिसू लागलं, आणि छापखानेवाले त्याच्या जागी वाय वापरू लागले. दुकानांच्या पाट्यांवर हौसेनं ‘ये ओल्ड’ लिहितात ते म्हणजे साधं ‘द ओल्ड’. दुसरं, शब्दाच्या आतला एस लांब काढत आणि तो एफ वाटतो. पहिले दोन दिवस चिडचिड होते, मग डोळा बसतो.

एक वाट मात्र जाऊन बघण्यासारखी आहे, बसलेल्या नव्हे, पडलेल्या शब्दांची. सोळाव्या शतकात काही इंग्रजांना वाटलं, लॅटिन पुरे, आपल्या बोलीतून शब्द करू. रॉबर्ट रेकॉर्ड, ज्यानं १५५७ साली बरोबरचं चिन्ह म्हणून दोन समांतर रेघा वापरल्या, त्यानं १५५१च्या भूमितीच्या पुस्तकात गृहीतकांना ‘ग्रँटेबल रिक्वेस्ट्स’ म्हटलं: मान्य करण्याजोग्या विनंत्या. स्वयंसिद्ध विधानांना ‘कॉमन सेंटेन्सेस’. राल्फ लेव्हरनं १५७३ साली तर्कशास्त्राला ‘विटक्राफ्ट’, व्याख्येला ‘सेव्हॉट’ आणि निष्कर्षाला ‘एंडसे’ असे शब्द दिले. एकही टिकला नाही. आपल्याकडे शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना पर्याय म्हणून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्याची मला इथे हटकून आठवण होते. मान्य करण्याजोगी विनंती! तत्त्व म्हणून कुणी डोक्यावर आदळण्यापेक्षा हे किती सभ्य. सोसायटीच्या सभेत हा शब्द चालवून पाहायला हवा.

शेवटचं पान मराठीसाठी

माग काढून झाला की त्याच पानावर आपला शब्द लिहा आणि तोही फोडा. ‘तत्त्व’ म्हणजे तत् अधिक त्व, ‘ते-पण’. इथे माझा कडक नियम हरला. तिसऱ्या रकान्यात ठेवायला वस्तूच नाही. आपल्या पूर्वजांनी घेतलं नाही, ठेवलं नाही, ताणलं नाही. नुसतं बोट दाखवून ‘ते’ म्हटलं. मी रकान्यात बोटाचं चित्र काढलंय.

‘सिद्धान्त’ त्याहून गमतीचा. सिद्ध अधिक अन्त. ‘प्रिन्सिपल’चं भाषांतर आपण सर्रास सिद्धांत करतो. इंग्रजी शब्द म्हणतो, इथून सुरू करा. मराठी शब्द म्हणतो, वाद घालून घालून इथे येऊन थांबलो. दोन माणसं एकाच खांबाला दोन बाजूंनी टेकून बसलीत. भाषांतर करताना म्हणूनच मी आता दर वेळी बघते, लेखक खांबाच्या कुठल्या बाजूला आहे. आरंभाच्या बाजूला असेल तर ‘मूलतत्त्व’, ‘मूळ सूत्र’ किंवा नुसतं ‘मूळ’. सिद्ध होऊन आलेलं असेल तरच ‘सिद्धांत’.

बिल्डरला आम्ही दुरुस्तीचं पत्र पाठवलं. मसुदा त्या मुलानं केला, मी तपासला, सेक्रेटरींनी कुरकुरत सही केली. तीन आठवड्यांनी नवं पत्र आलं. ‘इन प्रिन्सिपल’ या वेळी बिनचूक, शेवटी एल-ई. खाली दुसऱ्या परिच्छेदात प्रत्येक सभासदाला मिळणाऱ्या कॉर्पस फंडाचा उल्लेख होता, आणि तिथे ‘कॉर्पस’च्या शेवटी एस-ई. प्रत्येक सभासदाला प्रेतनिधी.

मुलगा पत्र हातात घेऊन माझ्याकडे बघत म्हणाला, “काकू, हेही मुळात एकच ना?”

एकच आहे. लॅटिन ‘कॉर्पुस’, देह. मी वहीचं नवं पान काढलं.